पुढच्या एक्सलचा महिना

३ मार्च, सोमवार
भावजी आणि जाऊबाई येऊन गेले. भावजी म्हणाले, वहिनी, दादा गेल्यापासून चौदा महिने पिकप दारात उभी आहे, गंजून माती होईल, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे, रोपांचा नर्सरीवाला, भला माणूस आहे. मी म्हटलं, गाडी मला लागते. जाऊबाई म्हणाल्या, कशाला? मी म्हटलं, कामाला. कुठल्या कामाला ते त्यांनी विचारलं नाही, बरं झालं.
शेवटी पैज ठरली. ३० तारखेच्या रविवारी मी स्वतः गाडी चालवत त्यांच्या दारात नेली, तर गाडी राहील आणि विषय कायमचा बंद. नाही नेली, तर नर्सरीवाल्याला फोन. लेक फोनवर साक्षीला होती. ती म्हणाली, अगं आई, तू कधी चालवलीस गाडी?
लायसन्स आहे. ती दुसरीत असताना काढलं होतं. शिवाय सव्वीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसून पाहिलंय. राहिला फक्त सराव.
जीव वगैरे काही गुंतलेला नाही. गाडी ही वस्तू आहे.

४ मार्च, मंगळवार
सराव आजपासून सुरू करणार होते. पण आठवलं की ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. पुढे अजून जुने ड्रम ब्रेक आहेत. अशा गाडीवर शिकणं म्हणजे जिवाशी खेळ. आधी ब्रेक, मग सराव.
हे दर वर्षी म्हणायचे, यंदा पुढे डिस्क ब्रेक टाकू. सव्वीस वर्षं ‘यंदा’ चाललं. कामं पुढे ढकलणारी माणसं मला कळतच नाहीत.

६ मार्च, गुरुवार
गाडीचं मॅन्युअल वाचून संपवलं. तीनशे बारा पानं. माझी शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. लायब्ररीतली कपाटं एका टोकापासून वाचत आलेय. जाड पुस्तकाला मी भीत नाही. ह्याची भाषा आवडली. रडारड नाही, उगाच वर्णनं नाहीत. एकच दोष, लेखक जिथे ‘सोपे आहे’ म्हणतो तिथेच नेमकं चित्र दिलेलं नाही.
निष्कर्ष: जुन्या एक्सलवर डिस्क बसत नाही. आख्खा पुढचा एक्सलच, म्हणजे दोन्ही चाकांमधला दांडा, बदलायचा. आठवड्याचं काम.

९ मार्च, रविवार
भंगारवाल्याकडे गेले. नव्या मॉडेलचा एक्सल मिळाला, डिस्क ब्रेकसकट. त्याने विचारलं, ताई, मिस्त्री कोण तुमचा? म्हटलं, मीच. त्याने मला खुर्ची दिली.
मी टेप काढून सगळं मोजलं. लांबी, जाडी, स्प्रिंगचे पाटे बसतात तिथलं अंतर, प्रत्येक भोक. तो म्हणाला, एवढं तर डॉक्टर पण तपासत नाही हो. मी म्हटलं, म्हणून तर पुन्हा पुन्हा जावं लागतं त्यांच्याकडे.
संध्याकाळी एक्सल घरी आला. अंगणात ठेवल्यावर बराच मोठा वाटतो.

१२ मार्च, बुधवार
गाडी जॅकवर घेतली, स्टँडवर टेकवली. पुढची चाकं काढली. एका नटाला तीन तास लागले. पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभी राहिले तेव्हा हलला. मॅन्युअलमध्ये ‘शरीराच्या वजनाचा उपयोग करावा’ असं आहे. डॉक्टर इतकी वर्षं माझ्या वजनाला नावं ठेवत होते. त्यांना उपयोग माहीत नव्हता.
प्रत्येक नट-बोल्ट वेगळा ठेवायचा, चिठ्ठी लावून. त्यासाठी स्वयंपाकघरातले डबे रिकामे केले. शिस्त असली की घोळ होत नाही.

१३ मार्च, गुरुवार
सकाळी चहात वॉशर.

१५ मार्च, शनिवार
शेजारचे मिस्त्री रिटायर झालेले आहेत. ह्यांचे दोस्त. आज चहाचा कप घेऊन कुंपणापाशी आले. म्हणाले, वहिनी, गाडी उभी करायची आहे की पाडायची? मी पद्धत समजावून सांगितली. ते म्हणाले, खाली असताना गाडी अंगावर आली तर हाक कुणाला माराल? मी म्हटलं, तुम्हालाच, तुम्ही कुठे जाताय?
दुपारी ते स्टूल घेऊन आले. मला लक्ष दिलेलं चालतं, लुडबुड चालत नाही, हे स्पष्ट केलं आहे.
जुना एक्सल सुटला. खाली पडताना जरा आवाज झाला. तीन घरांतली माणसं बाहेर आली.

१८ मार्च, मंगळवार
नवा एक्सल बसला! मिस्त्रींनी फक्त चेनपुली आणली, एक्सल उचलला, जागेवर धरला, बोल्ट आवळले आणि स्टिअरिंग जोडलं. बाकी सगळं मी केलं.
जाऊबाईंचा फोन. काय म्हणतेय गाडी? म्हटलं, गाडी काही म्हणत नाही, म्हणून तर बरं पडतं तिच्याबरोबर.
सराव उद्यापासून. म्हणजे चाकं लागली की.

२१ मार्च, शुक्रवार
चाक लावायला घेतलं. लागेना. फिरवून पाहिलं. दुसरं आणलं. तेही लागेना.
नव्या एक्सलला चाकाचे पाच बोल्ट आहेत. आमच्या चाकांना सहा भोकं आहेत.
त्या दिवशी सगळं मोजलं होतं. एक्सलवरचं एकेक भोक मोजलं होतं. चाक घरी होतं.
मिस्त्री स्टुलावर बसले. बराच वेळ बसून होते. हसून हसून ठसका लागला तेव्हा पाणी मीच आणून दिलं. डोळे पुसत म्हणाले, तो असता तर आज गडबडा लोळला असता हो. मी म्हटलं, हे असते तर एक्सलच आला नसता. मग दोघांनी मिळून चाकं परत भिंतीला टेकवून ठेवली.
भंगारवाला म्हणाला, ताई, तुम्ही एवढं मोजत होतात, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. त्याच्याकडूनच पाच भोकांची दोन चाकं आणली. आता पुढे पाच, मागे सहा. म्हणजे स्टेपनी दोन ठेवाव्या लागणार. लोकांकडे एकच असते.

२४ मार्च, सोमवार
फक्त ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची राहिली. एकाने खाली झोपून बोल्ट उघडायचा, दुसऱ्याने वर बसून पेडल दाबायचं. मॅन्युअलमध्ये पान २०४ वर एकच ओळ आहे: ‘सहायकास पेडल दाबून धरण्यास सांगावे.’ सहायक नसेल तर काय करावं, हे नाही.
मी शब्दकोशाचा दुसरा खंड पेडलवर ठेवला. पुरला नाही. तिसराही ठेवला. खाली जाऊन बोल्ट उघडेपर्यंत दोन्ही घसरले. अकरा वेळा केलं. पेडल स्पंजासारखं, म्हणजे हवा अजून आतच. शब्दकोशाला ऑइल लागलं, ‘प’पासून पुढे.
खरं तर या कामातला माझा अनुभव मोठा आहे. सहायक मीच असायचे. हे गाडीखालून ओरडायचे, दाब, दाब, धर… सोड. धर म्हटलं की सोड म्हणेपर्यंत धरायचं, एवढंच. त्यात अवघड काही नव्हतं.
मिस्त्रींना सांगायचं नाही असं ठरवलं आहे.

२७ मार्च, गुरुवार
मिस्त्रींना सांगितलं. ते लगेच खाली झोपले, मी वर बसले. दाबा वहिनी, धरा. मी धरलं. मग म्हणे ते चार वेळा सोडा म्हणाले. बाहेर येऊन दारापाशी उभे राहिले आणि हळू म्हणाले, वहिनी, सोडा आता, झालं काम.
मला ऐकू आलं नव्हतं. कान तपासून घ्यायला हवेत.
पेडल आता दगडासारखं कडक. मिस्त्रींनी चौकापर्यंत चालवून पाहिली. म्हणाले, शोरूमच्या गाडीला असे ब्रेक नसतात. मी आश्चर्य दाखवलं नाही.

२९ मार्च, शनिवार
सरावाचा दिवस. इंजिन सुरू केलं. अर्धा तास चालू ठेवून सीटवर बसले. सगळे गिअर क्रमाने टाकून पाहिले, आरसे लावले. मिस्त्री म्हणाले, क्लच सोडा की जरा, गाडी पुढे जाऊ दे. मी म्हटलं, नव्या ब्रेकना एकदम ताण नको. ते म्हणाले, ब्रेकना नको की तुम्हाला? त्यांना मॅन्युअल वाचायला दिलं.
सराव समाधानकारक.

३० मार्च, रविवार
सकाळी ९.१०. निघते आहे. भावजींचं घर चार किलोमीटर. साडेनऊला पोचेन.

दुपारी १.३०. घडलं ते असं. गाडी फाटकातून बाहेर काढली, कुंपणाला काही झालं नाही, म्हणजे फारसं. पहिल्या गिअरमध्ये मेडिकलच्या दुकानापर्यंत नेली. दोनशे मीटर तरी असेल. तिथे एक बाई पिशवी घेऊन रस्त्यात आली. मी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, तिच्यात आणि बंपरमध्ये हातभर अंतर. ब्रेकबद्दल शंका राहिली नाही.
इंजिन बंद पडलं. चालू केलं, गचका, बंद. असं बऱ्याच वेळा. मागे एक बस, तिच्यामागे बरंच काही. बस ड्रायव्हर खाली उतरून आला आणि म्हणाला, मावशी, क्लच. मी म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, माहीत असून चालत नाही, दाबावा लागतो.
दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. जड आहे, त्यामुळे. ह्यांच्या हातात ते कधी जड वाटलं नव्हतं.
वाट पाहून भावजी स्कूटरवर शोधत आले. नुसतं म्हणाले, सरका वहिनी. मी शेजारच्या सीटवर सरकले. तिथे बसल्याबरोबर हात मोकळे झाले.
जाऊबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, तुम्ही चालवत आणलीत? म्हटलं, थांबवली मी.
लेकीचा फोन. आई, कागदावर तुझं नाव आहे, ठेवायची तर ठेव, पैज कसली घेऊन बसलीस! भावजींनी फोन घेऊन तिचं ऐकलं आणि तेही मला तेच म्हणाले, वहिनी, राहू दे तुमच्याकडे, मी आता विषय काढणार नाही.
मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. नर्सरीवाल्याला बोलवा. नुसती उभी ठेवायला एवढे चांगले ब्रेक कशाला?

३१ मार्च, सोमवार
नर्सरीवाला आला. सोबत बायको होती. चौकापर्यंत जाऊन आला, दोनदा जोरात ब्रेक मारला. उतरला तो हसतच. म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीला असे ब्रेक? कुणाचं काम हे? मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं. भावजी म्हणाले, आमच्या वहिनींचं. नर्सरीवाल्याने घासाघीस केली नाही. मी गाडी दुरुस्त केली नसती, तर त्याने कदाचित घेतली नसती. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.
दुसरी स्टेपनी का, ते त्याला नीट समजावलं. मॅन्युअल दिलं. पान २०४ वर खूण घातली आहे. त्याच्या बायकोला सांगितलं, पेडल दाबायला तुला बोलावेल, जा. ती म्हणाली, मला यातलं काही कळत नाही हो. मी म्हटलं, कळावं लागत नाही.
गाडी गेली. कोपऱ्यावर लाल दिवे लागले. सरळ थांबली, मग वळली.
मागचे ब्रेक अजून ड्रमचेच आहेत. त्याला सांगितलंय, पुढच्या महिन्यात घेऊन ये, मागचा एक्सलही बदलून देते. फोन नंबर दिला. त्याने लिहून घेतला नाही, पण काही माणसांच्या लक्षात राहतात नंबर.