जुईलीला सुट्टी लागत नाही

माण, ता. मुळशी
शनिवार, ११ ऑगस्ट २००७

ती. अण्णामामा आणि ती. सौ. मामी यांच्या पायांवर निरंजन, शुभांगी आणि चि. जुईली यांचं डोकं. (तिघांचं एकदाच समजून घ्यावं, अंतर्देशीय पत्रात जागा कमी असते.) मामा, गुडघा आता कसा आहे? तेल लावता का, की मामी बाटली शोधत बसतात आणि तुम्ही पेपर वाचत बसता? आंबाजोगाईत पाऊस पडल्याचं पेपरात वाचलं. इकडे तो जूनपासून थांबलेलाच नाही. माझे तीन पायमोजे अजून दोरीवर आहेत, चौथा कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. बाकी सर्व क्षेम.

तुमचं पत्र पावलं. 'पोरीला शाळेत न घालता घरी शिकवण्याचा एक तरी फायदा मला पटवून दे, नाहीतर दिवाळीला मी स्वतः येऊन तिला शाळेत बसवतो,' असं तुम्ही लिहिलंत. चौतीस वर्षं मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही, पण एक फायदा ठणठणीत आहे. सगळं जग मे महिन्यात आणि दिवाळीत भटकतं, आम्ही वाटेल तेव्हा भटकू शकतो. गर्दी नाही, रांग नाही, हॉटेलवाला नम्र. शिवाय सहल हाच अभ्यास, त्यामुळे जुईलीला वेगळी सुट्टी लागतच नाही. (हे वाक्य मी मागच्या पत्रातही लिहिलं होतं. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.) याचा पुरावा म्हणून आमच्या जुलैतल्या सहलीची हकीकत कळवतो.

दापोलीच्या पुढे समुद्रालगत एका गावात जनार्दन नावाच्या गृहस्थांच्या खोल्या आहेत, त्यांचा नंबर मी इंटरनेटवर शोधला. फोनवर ते म्हणाले, मे महिन्यात या. मी म्हटलं, आम्ही मुद्दाम हंगाम नसताना येतोय. त्यावर ते म्हणाले की हंगाम तर आत्ताच आहे. मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस, दुसऱ्याची चूक लगेच पकडतो. बिचाऱ्याची बोलण्यात गफलत झाली असं ठरवून फोन ठेवला. रजाही चटकन मिळाली, कारण जुलैत आमच्या कंपनीत रजा कोणी मागतच नाही. मंगळवारी सकाळी निघालो. ताम्हिणी घाटात रविवारी गाड्या मुंगीसारख्या सरकतात, तिथे आम्ही तिघं आणि एक म्हैस. हे जुईलीला मी दोनदा दाखवून दिलं. ती म्हणाली, रविवारी इथे मुलं भिजत असतात ना? मी तिला धबधब्यामागचं विज्ञान सांगितलं.

पोचलो तर समुद्र राखाडी, बोटी ओढून नारळाच्या झापांनी झाकलेल्या, किनाऱ्यावर एक कुत्रं आणि तेही कामात. खोलीच्या गाद्या माळ्यावर, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. जनार्दन गुडघाभर चिखलातून आले, किल्ली दिली आणि सांगितलं की सगळं घर भातलावणीला शेतात आहे, चूल तिकडेच पेटते, जेवायचं तर तिकडेच यावं लागेल. हंगाम म्हणजे हा हंगाम. मामा, शहाण्या माणसाला इतक्या सौम्यपणे वेड्यात काढलेलं मी प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भुकेपोटी आम्ही शेतावर गेलो. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे ज्वारी. भात मी फक्त ताटात पाहिलेला. नुसतं उभं राहून जेवणं बरं दिसेना म्हणून शुभांगीने पदर खोचला आणि मीही पँट दुमडली. आवण, म्हणजे भाताची कोवळी रोपं, चार-चार काड्यांनी चिखलात खोचत मागे सरकायचं असतं. मी मागे सरकलो तो थेट बांधावरून खाली गेलो. माझ्या ओळीची रोपं जनार्दनांच्या आईने एक शब्द न बोलता उपटून पुन्हा लावली. जुईलीचा हात मात्र पहिल्याच दिवशी बसला. तीन दिवस आम्ही हेच केलं. समुद्र आम्ही एकूण वीस मिनिटं पाहिला. जनार्दनांच्या दोन मुली पाचला शाळेतून यायच्या, म्हणून जुईली साडेचारपासूनच फाटकापाशी उभी असायची. मी वहीत 'प्रतीक्षा व वेळेचे भान' असं त्या दिवसाच्या अभ्यासात लिहिलं.

शनिवारी परत आलो. घरमालक हैबतराव आणि गोजराबाई ओट्यावरच बसले होते. (माणमधली त्यांची जमीन कंपन्यांच्या इमारतींत गेली, आता ते आमच्यासारख्यांना खोल्या देतात. घोटावड्याकडे थोडी भाताची खाचरं उरलीत.) शुभांगीने मोठ्या कौतुकाने सांगितलं की आम्ही लावणी शिकून आलो. गोजराबाईंनी माझ्या नखांतला चिखल नीट पाहून घेतला. मग म्हणाल्या, "आमची खाचरं मानसावाचून पडल्यात, आन तुमी दीडशे मैल जाऊन दुसऱ्याची लावणी केली व्हय? हितं काय चिखल गोड न्हाई?"

रविवारी सकाळी मुकाट्याने घोटावड्याला गेलो. माझ्याकडे डोक्यावरून आवण वाहायचं काम दिलं, लावू दिलं नाही. बातमी कोकणातून कशी पोचली कोण जाणे. गोजराबाईंची नात अपूर्वा आणि तिच्या वर्गातल्या सात-आठ पोरी आल्या होत्या. जुईली सगळ्यांत भराभर लावत होती, आणि मामा, खरं सांगतो, ती इतकी हसताना मी वर्षभरात पाहिली नव्हती. दुपारी भाकरी खाताना अपूर्वाने तिला विचारलं, "आमाला आज सुट्टी हाय. तुला कवा असती?" जुईलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आपल्याला काय, रोजच सुट्टी, नुकतीच नाही का सहल झाली?

ती म्हणाली, "सहलीला तर तुम्ही वही घेता, बाबा."

वाईट वाटलं, अजून वाटतंय. पण एका रविवारवरून माणसाने मत बदलू नये. घरच्या शिक्षणाचे आणखी अनेक फायदे आहेत, ते सवडीने आठवून कळवीन. तेव्हा दिवाळीला तुम्ही केवळ फराळासाठी यावं, अन्य हेतू मनात धरू नये. मामींना नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुमचा हट्टी भाचा,
निरंजन

ता. क. मामींना सांगा, लिंबाच्या लोणच्याची बरणी रिकामी झाली, येताना भरलेली आणावी.

ता. क. दुसरा. परवा सहज, पाय मोकळे करायला म्हणून गावातल्या शाळेत गेलो होतो. तिसरीच्या प्रवेशाला आधीची शाळा सोडल्याचा दाखला मागतात. मी म्हटलं, कुठलीच शाळा सोडलेली नाही. बाई म्हणाल्या, मग सोडल्याचा दाखला कुठून आणणार, आणि तो नसेल तर धरणार कशी? खोटा दाखला मागत नाही मामा, एवढी अक्कल आहे. पण अशा पोरीचा अर्ज कसा लिहायचा, कोणाकडे द्यायचा, हे तुमच्याशिवाय कोणाला विचारू? दिवाळीपर्यंत थांबू नका. गुडघा परवानगी देत असेल तर याच आठवड्यात या. शुभांगीने शाळेची बॅग आधीच आणून ठेवली आहे. निळी आहे.

ता. क. तिसरा. (खालचं जुईलीने स्वतः लिहिलं आहे. शुद्धलेखन मी तपासलेलं नाही, तिने माझी अभ्यासाची वही लपवली.)

आण्णाआजोबा, मी शाळेत गेले की मला पण सुटी मिळणार. मग आम्ही मे महीन्यात तुमच्याकडे येऊ. बाबा म्हणतात तेव्हा खुप गर्दी असते. मला गर्दीतच यायचं आहे.