गेलेली कनेक्शनं

३ फेब्रुवारी

अजून दोन गेली! चष्म्याच्या दुकानवाले आणि त्यांच्या शेजारची बँकवाली. एकाच मजल्यावरची, एकाच दिवशी. केबलचे खोके परत आणून दिले, तेही रिमोटमधले सेल काढून घेऊन! "वहिनी, आता आम्ही सगळं ॲपवरच बघतो." बघा की. आम्ही वारा खातो.

अशीच गळती लागली तर वरच्या कंपनीला सिग्नलचे पैसे भरायचीही मारामार, लेकीची फी तर लांबच. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं घर म्हणजे केबलवाल्यांचं घर. दुसरा धंदा आम्हाला येतो कुठे?

नवऱ्याला सांगितलं. तो पक्कड पुसत बसला होता. म्हणाला, "जाऊ दे." जाऊ दे! हल्ली याच्या तोंडात हे दोनच शब्द उरलेत.

५ फेब्रुवारी

आज लेकीला पुढ्यात घेऊन बसले. म्हटलं, तू दिवसभर मोबाइलवर बघतेस ना, मग सांग कुठल्या ॲपला किती पडतात. तर म्हणते, "मला काय माहीत आई, पासवर्ड मैत्रिणीचा आहे." केबलवाल्याची पोर आणि उसन्या पासवर्डवर मालिका बघते! डोक्यावर हात मारून घेतला. शेवटी त्या मैत्रिणीलाच फोन करून विचारलं.

तर असं आहे. मॅच एका ॲपवर. मालिका दुसऱ्यावर. बारक्यांची कार्टून तिसऱ्यावर. तिन्ही घेतली, वर इंटरनेटचे धरले, तर आमच्या बिलाच्या जवळजवळ दुप्पट. आणि दर सहा महिन्यांनी भाव वाढवतात ते वेगळंच! एकच ॲप घेऊन गप्प बसेल त्याला स्वस्त पडतं. पण गप्प कोण बसतंय? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. राहिला अँटेना, तो एकदा विकत घेतला की पुढे फुकट, हे कबूल. पण चॅनेल डझनभर, आणि समोर मोठी इमारत असली की चित्र जागच्या जागी थिजतं. म्हणजे भरल्या घराला केबलच परवडते. हे मी आमच्या बाजूने म्हणत नाही, दोनदा मांडून पाहिलं. बरं, थोडं आमच्या बाजूनेही म्हणतेय. वही माझी आहे.

६ फेब्रुवारी

म्हटलं, सोडून गेलेल्यांच्या दारात जाऊन मीच त्यांना हे समजावते. नवरा दचकलाच. "कशाला? लोकांना कळतं त्यांचं ते." त्यांना कळतं, यालाच कळत नाही! उद्यापासून जाणार.

८ फेब्रुवारी

पायाचे तुकडे पडलेत. दोन दिवस दारोदार तोच हिशेब सांगतेय. सोडून गेलेली सगळी घरं तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मजल्यावर! तळमजल्यावरच्यांनी केबल ठेवलीय, त्यामुळे त्यांच्याकडे जायचं कारणच नाही. सगळे जिने माझ्याच नशिबी.

पाचव्या मजल्यावर मास्तरीणबाई राहतात. निवृत्त, एकट्या. मी धापा टाकत अजून तोंड उघडतेय, तर त्याच म्हणाल्या, "अहो, तुमच्या मिस्टरांनीच तर सांगितलं! म्हणाले, तुम्ही एकट्या, बातम्या आणि जुनी गाणी बघता, एवढे पैसे कशाला घालवता? अँटेना आणला, खिडकीत बसवून दिला. चहासुद्धा घेतला नाही हो!"

तशीच चष्मेवाल्यांकडे गेले. तेही तेच! "ॲप टीव्हीवर त्यांनीच टाकून दिलं. देवमाणूस आहे!"

देवमाणूस! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मी इथे काटकसर करून दिवस काढतेय आणि हा स्वतःच्या हाताने एकेक घर घालवतोय!

घरी आल्या आल्या विचारलं. फितूर झालास का? त्या इंटरनेटवाल्यांचं कमिशन खातोस का? "नाही." मग? मग तेच, "जाऊ दे." मी ताट वाढलं नाही. त्यानेही मागितलं नाही.

९ फेब्रुवारी

बोलणं बंद. लेक मधल्यामध्ये निरोप्या झालीय. "आई, बाबा विचारतायत टॉवेल कुठे." म्हटलं, त्यांना सांग, मास्तरीणबाईंना विचारा.

११ फेब्रुवारी

सकाळीच फोन. कोपऱ्यावरच्या सगळ्यात उंच इमारतीत आमची सहा घरं आहेत. सहाही बंद. म्हणजे गच्चीवरच्या पेटीतच बिघाड. नवरा म्हणाला, "उद्या बघतो." म्हटलं, आत्ता. मी बरोबर येते, बघू कसा टाळतोस! हत्यारांची पिशवी मीच उचलली.

लिफ्ट बंद. पहिले काही मजले तो पुढे होता. मग बरोबर. मग मी पुढे. गच्चीच्या दारापाशी वळून बघते तर हा खालच्या पायऱ्यांवर बसलेला, दोन्ही हातांनी कठडा गच्च धरून. मला वाटलं, सोंग. "ऊठ!" म्हणून ओरडले, सगळ्या जिन्याला ऐकू गेलं असेल. उठला नाही. चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"मला जमत नाही गं," म्हणाला. "पायच उचलत नाहीत."

मग एकेक बाहेर आलं. मागच्या वर्षी हाताखालचा माणूस सोडून गेला, तेव्हापासून हा एकटाच चढत होता. याच गच्चीवर वायर ओढताना घसरला. बाहेरच्या बाजूला, एका हातावर लोंबकळत! खाली लावलेल्या सायकली दिसत होत्या म्हणे, एवढ्याएवढ्याशा. कसाबसा वर आला. घरी येऊन जेवला, झोपला, आणि मला एका अक्षराने बोलला नाही! तेव्हापासून गच्चीचं दार बघितलं की त्याचं हे असं होतं. वरच्या मजल्यांच्या वायरी गच्चीवरूनच उतरतात, म्हणून ती घरं तो एकेक करून सोडवत होता.

"कुणाला फसवलं नाही," म्हणाला. "ज्याला जे स्वस्त पडेल तेच सांगितलं."

इतका राग आला! त्याच्यावर, त्या गच्चीवर, माझ्या जिभेवर. त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि रडले. रागानेच रडले. पलीकडच्या गल्लीतल्या केबलवाल्याला फोन केला. त्याच्या माणसाने वर जाऊन जोडून दिलं. तो खाली उतरून गेला तरी आम्ही तिथेच बसून होतो.

१२ फेब्रुवारी

पुन्हा भांडले. आधी सांगायला काय झालं होतं? मेला असतास तर मला फोनवरून कळलं असतं!

म्हणाला, "केबलवाला गच्चीला घाबरतो, हे कुणाला सांगायचं?"

मला, म्हटलं. मला सांगायचं.

१३ फेब्रुवारी

आज त्या उंच इमारतीतल्या सहाही घरी एकटीच जाऊन आले. शेवटच्या घरातल्या बाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तर सगळ्यांना सांगत फिरत होता, केबलच परवडते म्हणून."

म्हटलं, माझा हिशेब चुकला होता. केबल काढून टाका.