डावं पान, उजवं पान

१८ नोव्हेंबर, मंगळवार
परवा हमीदाच्या नाझियाची हळद. हमीदा म्हणजे समोरच्या दारातली. अठरा वर्षं एक जिना झाडतो आम्ही दोघी.

दुपारी तिने फोनवर नावं सांगितली. दार उघडून सांगितली असती तर बिघडलं असतं काय. पण घरात पाहुणे, हात पिठात. माझ्याकडे तव्यावर सुरमई. एका हाताने उलथणं, एका हाताने पेन. चौथीपर्यंत शिकले मी, माझं लिहिणं असं घाईत होत नाही. वही दुमडून धरली आणि जे पान वर आलं त्यावर खरडलं. नंतर नीट उतरवीन.

ही वही नावांचीच आहे. पुढून लोकांच्या घरची नावं, मागून माझं रोजचं. डाव्या पानावर गेलेले, उजव्या पानावर असलेले. पहिल्या गाण्यात गेलेल्यांना बोलवायचं, या, दाराशी उभे राहा, पोरीला दुवा द्या. दुसऱ्या गाण्यात असलेल्यांना, हळद आणा, फुलं आणा. आई असंच गायची. आता इथे जेद्द्यात, शराफिया मोहल्ल्यात, आमच्या कोकणी बायकांत, मीच.

संध्याकाळी शमीम आली. मी ओळ टाकते, ती झेलते, वीस वर्षं हेच. (तिला पुढे श. लिहीन, बोटं दुखतात.) दफ शेकवून बघितला. जेद्द्याच्या दमट हवेत कातडं सैल पडतं मेलं. श. म्हणाली, हमीदाला नावं वाचून दाखवलीस का. रीतच आहे, घरातल्या मोठ्या बाईसमोर वाचायचं, तिने एकेकाला हो म्हणायचं. मी म्हटलं, हमीदाचं घर मला पाठ आहे, मला शिकवू नको.
सुरमई खाली लागली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी
काल हळद. शहराबाहेर इस्तराहा, बागेचा बंगला, भाड्याने घेतलेला, हिरवळ, पाळणा, सगळं. पडद्यापलीकडे पुरुष.

पहिलं गाणं. हमीदाचे सासरे घेतले, सासू घेतली, आई, बाप घेतला. आणि पाचवं बशीर.
बशीर. हमीदाचा भाऊ. जिवंत. अल खर्जला दुधाच्या फार्मवर ड्रायव्हर. काल रात्रीचा गाडीत बसून भाचीच्या निकाहला निघालेला.

ओळखते मी त्याला. माझ्याच गावचा, एका मदरशात होतो. तरी तोंडातून गेलं. गाताना माणूस दिसत नाही, पान दिसतं. पान डावं होतं, नीट उतरवायचं राहून गेलेलं.

श.ने झेललंच नाही. दफ वाजत राहिला आणि ओळ तशीच लटकली. मग हमीदाची चुलतसासू मोठ्याने बोलली की जित्याच्या मौतीची खबर उठली तर त्याचं आयुष्य वाढतं, चला, पुढे गा. बायका हसल्या. मी पुढे गायले. हमीदा हसली नाही. नाझियाच्या पायाला हळद लावत होती, मान वर केली नाही.
घरी आलो, गाडीतून उतरताना श. म्हणाली, "वाचून दाखवायला किती वेळ लागला असता गो?"


२१, परत, दुपारी
बशीर आला. जिन्यावरूनच ओरडत. हातात लबनच्या, ताकाच्या, दहा बाटल्या, फार्मवरच्या.
"जुबी, मला कुठे पुरलंस? जागा तरी चांगली बघायची होतीस, समुद्र दिसेल अशी."
मी म्हटलं, तुला कोण समुद्रासमोर ठेवील, तू आडवा पडूनही बडबडशील.
हमीदाच्या घरात सगळे हसले. ती पण, थोडी. बरं वाटलं. माफी मागायची होती, ती राहून गेली. माझ्या तोंडाला ते जमत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
बशीर आज परत गेला. जायच्या आधी माझ्याकडे चहाला बसला. दफावर बोटं मारत. लहानपणापासून त्याला खोड, दफ दिसला की मारायचा. आई पळीने हाणायची.

त्याच्या रेश्माचं लग्न ठरलंय गावात, रमजानच्या आधी. म्हणाला, "हळदीला तूच पाहिजेस. तिथे आता डीजे लावतात, आपली गाणी कोणाला येत नाहीत. तिकीट मी काढतो."
मी म्हटलं, आधी यादी दे.
त्याने वही ओढली. सगळी नावं स्वतःच लिहिली, डावीकडची डावीकडे. मग उजवं पान काढून वर मोठ्या अक्षरात बशीर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. "आता चुकशील तर बघ."
माझ्या लेकीने, सनाने, मोबाइलवर त्याचा फोटो काढला, वही धरलेला. अंकल, से चीज, म्हणाली. तो म्हणाला, चीजच तर भरतो गो बाय दिवसभर गाडीत.

३ डिसेंबर, बुधवार
बशीर गेला.
अल खर्जला, खोलीवर. पहाटे फजरच्या नमाजला उठला नाही. सोबतच्या माणसाने हलवून बघितलं. डॉक्टर म्हणाला हृदय.
हमीदाचं ओरडणं ऐकून धावले. दार उघडं होतं. मी उंबऱ्यावर आणि तिने माझ्याकडे बघितलं. एवढंच. मी आत गेले नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार
दफन तिथेच केलं, अल खर्जला. हमीदाचा नवरा गेला होता. बशीरच्या बायकोने, सकीनाने, गावात फोनवर बघितलं म्हणे, खोदलेली जागा आणि माती.

आज हमीदाकडे कुराणातलं यासीन वाचायला सगळ्या. मी गेले. न जाऊन कसं. बसले तर शेजारची सरकली, तिच्या शेजारची पण. माझ्या दोन्ही बाजूंना चटई रिकामी. चुलतसासू, जी आयुष्य वाढतं म्हणाली होती, तीच कुजबुजली की काही जणींची जीभच काळी. ऐकू येईल अशी कुजबुज.
वाचून झालं तशी उठून आले. हमीदाला सलाम केला. तिने हात हातात घेतला नाही, बाजूलाही केला नाही.

११ डिसेंबर, गुरुवार
सनाच्या अब्बांनी समजावलं. मौत अल्लाच्या हातात, तू कशाला झुरतेस. मला ठाऊक आहे. जिभेने माणूस मरत असता तर मी अर्धा शराफिया रिकामा केला असता.
पण पान माझ्या हातात होतं. तेवढं माझं. तव्यावरच्या माशासाठी मी रीत सोडली. तो शंभर वर्षं जगला असता तरी ते चुकलेलंच होतं. हे कोणाला सांगू? सगळ्या एक तर जीभ काळी म्हणतात नाही तर काही झालंच नाही म्हणतात.

हमीदाकडे मटणाचं भांडं पाठवलं सनाच्या हाती. रिकामं धुऊन परत आलं. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, साखर तरी घालतात.

२६ डिसेंबर, शुक्रवार
काल एका घरी हळद होती. नाव लिहीत नाही. बोलावणं फक्त श.ला. तिने मला आधी सांगितलं, लपवलं नाही. जा म्हटलं.

आज येऊन सांगते की गाणं झालंच नाही. ती बसली, दफ घेतला आणि पहिली ओळच येईना. वीस वर्षं झेलण्यात गेली. टाकायला कोणी नाही तर झेलणार काय. शेवटी पोरींनी मोबाइल स्पीकरला जोडला. नावं कोणाचीच घेतली नाहीत, गेलेल्यांचीही नाहीत, असलेल्यांचीही नाहीत. कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही म्हणे.
मला वाटलं होतं बरं वाटेल ऐकून. नाही वाटलं.

९ जानेवारी, शुक्रवार
श.शी भांडण. ती म्हणाली, हमीदाच्या पायाशी जाऊन बस, माफी माग, खलास. मी म्हटलं, माफी मागितली म्हणजे मी त्याला मारलं असं होतं. ती म्हणाली, "असं तुझ्याच डोक्यात होतं. माफी यादीची माग, माणसाची नको."
मी दार लावून घेतलं. लावताना दिसलं, बाहेर हमीदा कचऱ्याची पिशवी घेऊन उभी होती. ऐकलं असेल तर ऐकलं.

दफ कपाटावर ठेवला. बुरशी आली त्यावर, कडेला. पुसली.

१४ जानेवारी, बुधवार
गेले. सकाळी, पुरुष कामावर गेल्यावर. हमीदा तांदूळ निवडत होती. मी खाली बसले. म्हटलं, यादी मी फोनवर घेतली, मासे तळत घेतली, दुमडलेल्या पानावर लिहिली, तुला वाचून दाखवली नाही. हे माझं चुकलं.
ती निवडत राहिली. मग म्हणाली, मीही वाच म्हटलं नव्हतं. घरात एवढी गर्दी होती, मलाही ते सुटलं.
आणि मग, "त्या दिवशी मी हसले नाही, तो येईपर्यंत. माझ्या काळजात चर्र झालं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. डॉक्टरकडे जा म्हटलं असतं तर."
बशीरला छातीत जळजळ व्हायची म्हणे. लबन पिऊन झोपायचा.
दोघी तांदूळ निवडत बसलो. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार
सकीनाचा व्हॉइस आला, हमीदाच्या मोबाइलवर. हमीदा दारात येऊन उभी राहिली, मोबाइल पुढे धरला.

रेश्माचं लग्न त्याच तारखेला करणार, बशीरने ठरवलेली म्हणून. डीजे नाही, जेवण घरच्यांपुरतं. सकीना इद्दतीत, विधवेने घरात राहायचे चार महिने दहा दिवस, ती मांडवात येणार नाही, आतल्या खोलीतून ऐकेल. गाणं एकच हवं, पहिलं. गावात ते कोणाला येत नाही. मला गाऊन मोबाइलवर पाठवायला सांगते. शेवटी म्हणते:
"जुबेदाबाय, तुम्ही त्यांचं नाव आधीच घेतलंत. आता जागेवर घ्या. तुमच्याच तोंडून पाहिजे मला."
तीन वेळा ऐकलं. आवाज सपाट. हे माफी आहे की शिक्षा, कळत नाही. हमीदालाही कळलं नाही. म्हणाली, तू ठरव.
श.ला विचारलं. ती म्हणाली, तू टाकलंस तर मी झेलीन. तेव्हा झेललं नव्हतं, त्याचं ओझं मलाही आहे.

२० जानेवारी, मंगळवार
दुपारी जोहरच्या नमाजनंतर तिघी बसलो, माझ्याकडे. सना शाळेत. एसी बंद केला, आवाज येतो रेकॉर्डिंगमध्ये. दफ शेकवला.

म्हटलं, आज रीतीने. सकीनाच्या घरची मोठी आता हमीदाच, नणंद. तिच्यासमोर वाचायचं.

वही उघडली. बशीरच्याच हातची यादी. उजव्या पानावर वर त्याचं नाव, दोन रेघांचं. ते खोडता येईना मला. त्याच्या हातचं आहे. तसंच ठेवलं. डाव्या पानावर त्याने लिहिलेल्यांच्या खाली माझ्या अक्षरात त्याचं नाव लिहिलं. वेळ घेऊन लिहिलं. एवढं सावकाश मी आयुष्यात काही लिहिलं नसेल.

वाचायला लागले. एक नाव, हमीदा म्हणाली हो. दुसरं, हो. तिचा आजा, हो. तिची आई, तिचा बाप. हो, हो. सहावी तिची लहानपणी गेलेली बहीण. त्याने तिलाही लिहिलं होतं, आठवणीने. हो.
सातवं. वाचलं.
हमीदाचं हो आलं नाही. मी पण पुढे वाचलं नाही, पुढे काही नव्हतंच. श.ने दफावरचा हात काढला.

असरची अजान झाली. हमीदा उठली, म्हणाली, नमाज पढून घेते. तिचं दार चार पावलांवर, तरी तिकडे गेली नाही. माझ्याच मोरीत हातपाय धुऊन वजू केला, अंथरायला माझा मुसल्ला मागितला.

नमाज कधीच झाली. अजून बसून आहे, हात दुव्याला वर, पाठ आमच्याकडे.
हे मी मागून लिहीत नाहीये, यादीच्या खालीच लिहितेय. वही उलटी केली तर पान बदलेल. कातडं परत सैल पडलं असणार, शेकवायला लागेल. उठत नाही. ती वळेल तेव्हा मी इथेच दिसायला पाहिजे, पान उघडं ठेवून.