पालखी गेटवर ठेवली

३ एप्रिल, दहिवली
सोसायटीच्या गेटला अ‍ॅप आलं. कुणी आलं की वॉचमन फोटो काढणार, फ्लॅटच्या फोनवर पाठवणार, तिथून होकार आला की गेटचा आडवा दांडा वर. एका फ्लॅटला एकच नंबर. आमचा, ह्यांचा. हे दिवसभर ठाण्याला ऑफिसात. म्हणजे माझ्या दारात कोण यावं ते ठाण्यात ठरणार. शिसारी आली.

५ एप्रिल
भाजीवाली गेटवर ताटकळून परत गेली. हे म्हणे, "मीटिंगमध्ये होतो गं." सेक्रेटरी म्हणे, "सवय होईल, वहिनी." सवय! थू.

११ एप्रिल
परवा गावदेवीची पालखी. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आजच खण-नारळ काढून ठेवले. बिल्डिंग उभी आहे ते आमचं भाताचं खाचर. बिल्डरला जमीन देताना आईंची एकच अट, पालखी दारात आली पाहिजे. दरसाल येते, वाजतगाजत, जिन्याने. यंदा आईंना खाली उतरवत नाही. सेक्रेटरींना आठवण दिली. "अ‍ॅपवर टाका ना."
टाकलं. उत्तर नाही.

१३ एप्रिल
वॉचमन नवा, बाहेरचा. त्याच्या यंत्रात पाहुणा, कामवाली, पार्सल, एवढंच. त्याने पार्सल दाबलं. ह्यांनी न बघता 'गेटवर ठेवा'. खांदेकरी उन्हात उभे राहून राहून दमले, शेवटी टेकवली. डांबरावर! मी धावत गेले तोवर झालं होतं. पालखीसोबत आलेले गावचे पाटीलकाका मान हलवत म्हणाले, "एकदा टेकली का फुडं जात नाय, सूनबाय. आता दरसाल हितंच."
वर आई ओटी घेऊन दारात. "वाजप थांबलं का गं? आली का?"


१४ एप्रिल
ह्यांनी माफी मागितली. आई एवढंच म्हणाल्या, "फोटू आलता ना रं? देवीबी वळखू नाय आली तुला?"
मला ह्यांची किळस आली. लिहून टाकते, आली.

१७ एप्रिल
टेकली तिथे, बरोबर दांड्याखाली, गावाने दगड मांडून शेंदूर लावलाय. दांडा त्यावर अडतो, खाली येत नाही. भाजीवाली आज थेट दारात. सेक्रेटरी लालेलाल. अ‍ॅपवर मतदान काढलंय, दगड हलवायचा का. एका फ्लॅटला एक मत, आज रात्रीपर्यंत.
आमचं मत ह्यांच्या फोनात. आई जेवण सोडून समोर बसल्यात. "काय दाबलंस रं?"
हे फोन पालथा घालून वरणभात कालवतायत.