कॉलेज पाहण्याचा कार्यक्रम

दौंड, रेल्वे कॉलनी
१८ जून २०२५

चि. गौतमीस,
मच्छिंद्रमामाचा जय भीम आणि आशीर्वाद, वि. वि.

तुझी मामेबहीण माया सीईटीत बऱ्यापैकी निघाली, हे तुला कळलंच आहे. तरी पत्र लिहितो. मालगाडीच्या मागच्या डब्यात गार्ड म्हणून नोकरी काढली, तिनं कान नेले. फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुझी मामी आपल्या सोयीनं सांगते.

आता इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची पसंती भरायची आहे. माया म्हणते, पहिल्या नंबरला जे टाकू ते लागलं की तेच गळ्यात, मग बदल न्हाई. म्हंजी लग्नासारखंच. तू शिक्रापूरच्या कॉलेजात दिवसभर फोनवर पोरांच्या शंका फेडतेस. मग घरच्याही फेड. शिकवायला कायमची माणसं हायेत का? प्रयोगशाळेतली यंत्रं चालतात, का नुसती पुसून ठेवलेली? हॉस्टेलला पाणी येतं का? सरकारी कॉलेजही पुण्यात मिळू शकतं म्हणे, पण तिथं आपलं कुणी नाही. तुझ्या कॉलेजात तू आहेस. तू म्हणशील तेच कॉलेज पहिल्या नंबरला.

तुझ्या आईला कवठ्याला गेलीस की सांग, भाऊ अजून जिवंत आहे. बाकी लोभ आहेच, तो झिजू देऊ नये.

तुझा,
मच्छिंद्रमामा

शिक्रापूर
२३ जून २०२५

ती. मामांस,
गौतमीचा सविनय जय भीम, वि. वि.

पत्र पोचलं. अख्ख्या खोलीला वाचून दाखवलं. आम्ही तिघी मैत्रिणी भाड्यानं राहतो, बाकी दोघींना मामी फार आवडली.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. आमच्याकडे अनुभवी आणि समर्पित प्राध्यापकवर्ग उपलब्ध आहे. प्रयोगशाळा अद्ययावत असून उद्योगजगताच्या गरजा ओळखून उभारलेल्या आहेत. वसतिगृहाचं वातावरण घरगुती आहे. विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास हेच आमचं ध्येय आहे.

मायानं आमचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकावं. मी इथं आहे, काही कमी पडू देणार नाही. जरा लवकर ठरवा, आमचे सर रोज विचारतात.

मामीला नमस्कार. दौंडला येईन तेव्हा कालवण तिखटच करा म्हणावं. तुमची माया अशीच राहो, आणि माया लवकर इकडे येवो.

तुमची,
गौतमी

दौंड
२७ जून २०२५

चि. गौतमीस,
आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून गहिवरलो. एवढं चांगलं वर्णन मी यापूर्वी एकदाच ऐकलं होतं. आपल्या धुरपदाला स्थळ आलं तेव्हा मध्यस्थानं नवरदेवाचं केलं होतं. तोही अनुभवी आणि समर्पित होता. कशात अनुभवी, ते लग्नानंतर समजलं.

हॉस्टेलला पाणी येतं का, असं मी विचारलं. वातावरण घरगुती आहे, असं तू लिहिलंस. मग कुणाच्या घरासारखं तेही लिहायचं. आमच्या इथं नळ एक दिवसाआड येतो.

तुझी मामी म्हणते, पोरगी आपली आहे, खोटं कशाला लिहील. मी म्हणतो, अक्षर आपल्या पोरीचं आहे, पण बोलणं दुसऱ्याच कुणाचं. असो. स्थळ पाहायचं तर न सांगता जावं आणि घराच्या मागचं अंगण आधी बघावं, हे आमचे शेजारी हौसरावआप्पा सांगतात. अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी त्यांनीच जुळवल्या नि त्यांनीच मोडल्या. गाडीही त्यांचीच आहे. आम्ही येतोय. कवा, ते सांगत नाही.

रागावू नकोस. राग आलाच तर तोही पत्रानं कळव.

मच्छिंद्रमामा

दौंड
४ जुलै २०२५

प्रिय गौतमीताई,
मायाचा जय भीम.

तू परवा आम्हाला पाहिलंस आणि खांबाआड गेलीस, ते मी पाहिलं. म्हणून हे पत्र बाबांना न दाखवता लिहितेय.

तुमच्याकडे त्याच दिवशी तपासणी समिती येणार हे आम्हाला काय माहीत? बाबा ठेवणीतला पांढरा शर्ट आणि चष्मा घालून उतरले. फाटकातल्या माणसानं त्यांचा हात धरला, सर, उशीर केलात म्हणाला, आणि थेट स्टाफरूममध्ये नेऊन बसवलं. तिथं बसलेले निम्मे सर एकमेकांना नावं विचारत होते म्हणे. एका दिवसासाठी कुठून कुठून आणलेले. समितीच्या साहेबांनी बाबांना नोकरी किती झाली विचारलं. बाबांनी चौतीस वर्षं सांगितली आणि मी रेल्वेत असतो, शिकवत न्हाई, हेही खणखणीत सांगितलं. साहेब खूश. प्रत्यक्ष उद्योगातली माणसं इथं शिकवायला येतात, असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं आणि फोटोही काढून घेतला. बाबा तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले, तसा साहेबांचा आदर वाढत गेला. आईला पालक-प्रतिनिधी म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. तिला समोसा आवडला.

आप्पा मात्र मागच्या अंगणात गेले. तिथं टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा होता. समितीची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते, तोच प्रयोगशाळेतली यंत्रं गोणपाटात गुंडाळून त्यात चढायला लागली. आप्पांच्या जिवाला बरं वाटलं. म्हणाले, एका स्थळाकडच्यांनी आम्हाला दाखवायला मागून आणलेला सोफा असाच परत पाठवला होता, पण निदान आम्ही वळणापलीकडं जाईपर्यंत तरी थांबले होते.

येताना हायवेभर सगळे हसत होते. पण ताई, घरी आल्यावर बाबा म्हणाले, कॉलेजं सगळीकडं अशीच असतील. गौतमी तिथं आहे, ती पोरीला वाऱ्यावर सोडणार न्हाई. तिचंच पहिलं टाकू. माझी चार वर्षं आहेत ही. माझ्या जागी तुझी सख्खी बहीण असती, तर तिला तू काय सांगितलं असतंस? एवढंच लिही. मी त्याप्रमाणे भरते.

तुझी,
माया

शिक्रापूर
८ जुलै २०२५

प्रिय माया,

खांबाआड होते, बरोबर. माझ्या हातात त्या पाहुण्या सरांच्या नावांच्या पाट्या होत्या.

तुझ्या बाबांना मी लिहिलं ते आमच्या उत्तरांच्या कागदातलं होतं. तो कागद आम्ही पाठ करतो. त्यात 'नाही' हा शब्द कुठेच नाही. पण एका प्रश्नाला त्यात उत्तर सापडत नाही, आणि मुली तोच हमखास विचारतात, की ताई, तुमच्या घरचं कुणी इथं शिकतं का? म्हणून सरांनी नियम केलाय, प्रत्येकीनं घरचं एक ॲडमिशन आणायचं, म्हणजे व्हय म्हणताना आवाज कापणार नाही. न आणणारीला पुढच्या महिन्यापासून नारळ. माझा आवाज कापू नये म्हणून तू चार वर्षं इथं बसायचं होतंस.

सरकारी पहिलं टाक. आमचं शेवटीही टाकू नकोस. आणि बाबांना सांग, ही गौतमी म्हणाली, कागद नव्हे.

माझी काळजी करू नकोस. अभ्यास कर, आणि मधूनमधून माझ्यावर रागवत जा.

ताई

शिक्रापूर
२२ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
सविनय जय भीम, वि. वि.

मायाला पुण्याचं सरकारी कॉलेज लागलं, पेढे मिळाले. मामीनं माझ्या वाट्याचे दोन काढून घेतले हे डब्यावरूनच कळलं, दोन जागा रिकाम्या होत्या.

आता तुमची बातमी. आमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर प्राध्यापकांच्या रांगेत तुमचा फोटो झळकतोय. खाली लिहिलंय, उद्योगक्षेत्राचा प्रदीर्घ अनुभव. मी काढायला सांगितलं, तर सर म्हणाले, राहू दे, चेहरा विश्वासाचा आहे.

मी घरचं ॲडमिशन आणलं नाही, तरी या फेरीपुरती ठेवून घेतली होती. काल फोन आला. मुलगी आपल्या कवठ्याकडचीच, बोलण्यावरून ओळखली. सगळे प्रश्न विचारले, मी कागदातलं वाचलं. शेवटी तिनं तोच विचारला, ताई, तुमच्या घरचं कुणी हाय का तिथं?

मी म्हटलं, व्हय. सख्खे मामा आहेत. प्राध्यापक. वेबसाइटवर फोटो आहे, बघ.

तिला फार बरं वाटलं. मग तिनं विचारलं, मामांना मुलं असतील, ती पण तिथंच शिकतात का?

मी म्हटलं, एकच मुलगी आहे. पुण्याला, सरकारी कॉलेजात.

ती म्हणाली, बरं झालं ताई तुम्ही सांगितलं, आणि फोन ठेवला.

आमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात. सर ते सोमवारी ऐकतात. तेव्हा मंगळवारी सामान घेऊन दौंडला येते. मामीला कालवणाचं पुन्हा सांगा, आणि प्राध्यापक महाशयांनी स्टेशनवर घ्यायला यावं, पांढरा शर्ट घालून.

तुमची,
गौतमी