स्कूटरच्या कव्हरातून पक्षीनिरीक्षण

४ ऑक्टोबर, रविवार. सकाळी

आजपासून पक्षीनिरीक्षण. घरबसल्या. त्यासाठी रानोमाळ भटकायची गरज नाही, ते चिकाटी नसलेल्यांचं काम. बाल्कनी आहे, समोर पिवळं पडायला लागलेलं झाड आहे, मुलीची लहानपणची दुर्बीण आहे (डावी बाजू धूसर). हिवाळा सुरू होईपर्यंत पन्नास जातींची नोंद व्हायला हरकत नाही.

चहाआधी: कबुतर, एक.
चहानंतर: कबुतर, एक. बहुधा तेच.

सुरुवात चांगली झाली.

११ ऑक्टोबर, रविवार

काल सासूबाईंचा वाढदिवस. मेहुण्यांनी जेवणानंतर लॅपटॉप उघडला. मेहुणे म्हणजे हिचे थोरले भाऊ, सगळ्यांचे दादा. हातभर लांबीची लेन्स गळ्यात घालून डोंगर पालथे घालतात आणि मग आम्हाला एकाच पक्ष्याचे तेहतीस फोटो दाखवतात. काल थिरथिरा होता. थंडीत उत्तरेकडून येतो, सतत शेपूट थरथरवतो, वगैरे. तो दिसावा म्हणून म्हणे दादा कडाक्याच्या थंडीत खडकावर पालथे पडून होते. सगळे आ वासून ऐकत होते. मी सहज म्हणालो, थिरथिरा ना, तो आमच्या बाल्कनीत दरवर्षी येतो. रोज.

हिने माझ्याकडे पाहिलं. मी चमचा पुसत बसलो.

दादा म्हणाले, काय सांगता जावईबापू! मग आम्ही उगाच वणवण करतो म्हणायचं. येतोच डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनाही आणतो.

मी म्हणालो, अवश्य.

घरी येताना ही म्हणाली, अहो, शोभा होईल हो. अजून फोन करून सांगा की गंमत केली. मी म्हणालो, पक्षी हजारो मैलांवरून निघालेलाच आहे. आपल्या बाल्कनीत यायला त्याला काय अडचण आहे?

१३ ऑक्टोबर

पक्ष्यांचं पुस्तक आणलं. थिरथिऱ्याचं चित्र पान भरून. काळा कुळकुळीत, पोट विटकरी. ओळखायला अगदी सोपा. मी दावे तपासणारा माणूस आहे. विमा कंपनीत इतकी वर्षं लोकांनी सांगितलेलं कागदाशी ताडून पाहतोय. आजवर मला कोणी फसवलेलं नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

पक्षी येत नाहीत याचं कारण कळलं. मी दिसतो.

उपाय: लपण. कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यावर स्कूटरचं जुनं हिरवं कव्हर. मध्ये आधाराला पोछ्याचा दांडा उभा बांधला. तो कव्हराला भोक पाडून वर हातभर निघाला आहे. कापायला करवत सापडली नाही. असू दे. समोर बघायला आडवी फट. आत एक स्टूल आणि मी.

बाहेरून माणूस आहे याची शंकाही येत नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली, बाबा, तुमच्या चपला दिसतायत.

ही म्हणाली, कपडे कुठे वाळत घालू? म्हटलं, हॉलमध्ये. म्हणाली, आणि थंडी पडली की मी उन्हाला कुठे बसू? वर्षभर त्या दोन महिन्यांच्या उन्हाची वाट बघते मी. म्हटलं, फक्त सहा डिसेंबरपर्यंत. म्हणाली, बरं.

तिचं ‘बरं’ मला कधीच नीट कळलेलं नाही.

१९ ऑक्टोबर

घरासाठी नियम केले. पंखा, मिक्सर, टीव्ही सकाळी बंद. सगळ्यात महत्त्वाचं: मी लपणात असताना मला कोणीही, कशासाठीही, हाक मारायची नाही. मुलीने विचारलं, आग लागली तरी? म्हटलं, आग लागली तर हळू येऊन सांगायचं.

२८ ऑक्टोबर

कबुतर. कावळा. कबुतर.

ऑफिसला उशीर. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, संशोधन.

३ नोव्हेंबर

पाठ धरली. समोरच्या झाडाची निम्मी पानं गळाली. त्यामागे पक्षी असतील असा अंदाज होता. त्यामागे समोरच्या इमारतीतले ड्रॉइंग मास्तर आहेत. खिडकीत बसून माझ्याकडेच बघत असतात. माणसाने दुसऱ्याच्या बाल्कनीत किती बघावं याला काही मर्यादा?

८ नोव्हेंबर, रविवार

कव्हरावर शिटा पडू लागल्या आहेत. कबुतरांचा उपद्रव. पुसून काढल्या. उद्यापासून कबुतरांचा बंदोबस्त.

१० नोव्हेंबर

आज ड्रॉइंग मास्तरांनी हद्द केली. मी लपणात, श्वाससुद्धा जपून घेतोय, आणि हे खिडकीतून हात हलवतायत. मग माझ्या दिशेने बोट. मग ते बोट वर. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा वर. माझा वरचा मजला रिकामा आहे असं म्हणायचं असणार. मी फटीतून डोळे वटारले. त्यांना दिसले नसावेत.

संध्याकाळी खाली रस्त्यावर गाठ पडली. ते तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, मास्तर, सकाळच्या वेळी कृपा करून हातवारे नकोत. पक्षी बुजतात. ते म्हणाले, अहो, पण पक्षी तर... म्हटलं, पक्ष्यांचं माझ्यावर सोडा.

गेले बिचारे. कधीकधी कडक बोलावं लागतं.

१४ नोव्हेंबर

आज ही म्हणाली, अहो, रोज सकाळी तुमच्या डोक्यावर एक पक्षी बसलेला असतो. तो दांडा आहे ना वर आलेला, त्यावर. मी ओट्यापाशी असते तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो.

म्हटलं, कबुतर. म्हणाली, एवढंसं कबुतर असतं का कुठे? चिमणीएवढा आहे. म्हटलं, मग चिमणी. म्हणाली, चिमणी अशी शेपूट थरथरवत नाही. सारखी नुसती थरथर चाललेली असते.

मी दाव्याच्या वेळी विचारतो तसं शांतपणे विचारलं: रंग? म्हणाली, मातकट. शेपूट तेवढी तांबूस. मी पुस्तक काढून पान तिच्यासमोर धरलं. हा काळा आहे का? म्हणाली, नाही बाई. पोट विटकरी? नाही. विषय संपला. तांबूस दिसली असेल उन्हामुळे, थरथरली असेल वाऱ्यामुळे. फोडणी देता देता केलेलं निरीक्षण ग्राह्य धरता येत नाही.

ती म्हणाली, पुढचं पान उलटून तरी बघा. म्हटलं, पुढच्या पानावर पुढचा पक्षी असतो.

म्हणाली, बरं.

२० नोव्हेंबर

थंडी पडली. लपणात पाय गारठतात. स्वेटर, त्यावर कोट, त्यावर हिची शाल. स्टुलावर झोप लागली आणि फटीवर कपाळ आपटलं. थिरथिरा नाही.

हॉलमध्ये ओल्या कपड्यांचा वास. ही दिवसभर खोकते. खुर्ची उचलून जिन्याच्या खिडकीपाशी नेऊन बसते, तिथे थोडं ऊन येतं. येणारेजाणारे विचारतात, इथे का बसलात? ती सांगते, बाल्कनीत साहेब आहेत.

लोकांना उत्तरं देताना जरा विचार करायला हवा तिने.

२५ नोव्हेंबर

दादांचा फोन. येतोय का हो रोज? म्हटलं, न चुकता. म्हणाले, नर की मादी? अनपेक्षित प्रश्न. म्हटलं, एवढ्या लांबून विचारणं बरं दिसत नाही. खूप हसले. मी बुद्धीने निभावून नेतोय, पण असं किती दिवस चालणार?

दादांनी सासरच्या ग्रुपवरही टाकलं: रविवारी सहा तारखेला जावईबापूंच्या थिरथिऱ्याच्या दर्शनाला जाणार. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. सासूबाईंचासुद्धा.

१ डिसेंबर

रजा टाकली. पाचही दिवस दिवसभर लपणात.

दरम्यान कारणांची जुळवाजुळव करतो आहे. (१) थंडी उशिरा पडली. (२) थंडी लवकर पडली. (३) ड्रॉइंग मास्तर.

५ डिसेंबर

काहीही नाही. ही म्हणाली, आजसुद्धा येऊन गेला, तुमच्या डोक्यावर. मी चिडून म्हणालो, मला थिरथिरा हवाय, माझ्या डोक्यावर काय बसतं ते नकोय!

मुलगी म्हणाली, बाबा, मामाला खरं सांगून टाका ना. फार तर काय, दोन वर्षं चिडवेल. दोन वर्षं! ते माझ्या षष्ट्यब्दीला भाषणात सांगतील.

ठरलं. उद्या ते यायच्या आधीच लपणात जाऊन बसायचं. निरीक्षणात गुंग माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही. कंटाळतील आणि जातील.

६ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी

क्रमाने लिहितो.

सकाळी लपणात. बेल वाजली. दादांचा आवाज, ग्रुपमधल्या दोघांचा आवाज, हिचा आवाज. मग एकदम शांतता. मी समाधानाने बसून राहिलो. माझा नियम पाहुणेही पाळत होते. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॅमेऱ्यांची कटकट सुरू झाली. थांबेचना. मी आतून शू... केलं. समोर ड्रॉइंग मास्तर खिडकीत उभे राहून दोन्ही हातांनी वर दाखवत होते. आता मात्र अति झालं. त्यांना चार शब्द सुनवावेत म्हणून मी कव्हर उचलून डोकं बाहेर काढलं.

डोक्यावर काहीतरी फुर्र झालं. वर पाहिलं. पोछ्याचा दांडा हलत होता.

दादांनी येऊन मिठीच मारली. मानलं जावईबापू! मादी थिरथिरा, आणि इतक्या जवळून! लपणावरच बसायला काठी लावायची, ही कल्पना आम्हाला कधी सुचली नाही. ग्रुपमधले दोघे मान डोलावत होते. मी म्हणालो, अनुभव.

ते गेल्यावर पुस्तकातलं पुढचं पान उलटलं. मादी. मातकट. शेपूट तांबूस.

मला एवढंच नमूद करायचं आहे की मी सासरी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो.

दादांनी फोटो ग्रुपवर टाकला. पक्षी सुरेख आला आहे. त्याच्या खाली हिरवं कव्हर, फटीत माझा एक डोळा, आणि तळाशी चपला. मुलीने तो ग्रुपचा डीपी केला.

७ डिसेंबर

ड्रॉइंग मास्तर येऊन गेले. त्यांनी नोव्हेंबरपासून रोज काढलेली त्या पक्ष्याची चित्रं दाखवली. समोरून, पाठमोरा, मान वळवलेला. प्रत्येक चित्रात खाली मी आहे, म्हणजे कव्हर. म्हणाले, तुम्ही स्टुलावर हललात की दांडा हलायचा, पण तो काही उडायचा नाही. फार धीट आहे हो तुमचा थिरथिरा.

आता सगळ्या घराने पाहिला. सासरने पाहिला. मास्तरांनी पाहिला. मी सोडून.

उद्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायचं. हिला म्हटलं, तू जरा बाजूला सरक. म्हणाली, मग भाजी तुम्ही परता.

१० डिसेंबर

खिडकीत तीन दिवस. भाजी दोनदा करपली. पक्षी नाही. नेमका वर मान केली की नसतो.

१३ डिसेंबर, रविवार

हिने सकाळी लपण मोडलं. सहा तारीख उलटून गेली, म्हणाली. कव्हर धुवायला टाकलं, कपडे बाल्कनीत गेले, पोछ्याचा दांडा पोछ्याला गेला. ही खुर्ची घेऊन उन्हात बसली. मी विरोध केला नाही. दाढी करायला आत गेलो.

बाहेर आलो तर ही एकटीच हसत होती. म्हणाली, येऊन गेला. आधी दांडा शोधला त्याने, इकडेतिकडे बघितलं. मग इथे, माझ्या खुर्चीच्या हातावर बसला. किती वेळ! चोच अशी पिसांत घातली, शेपूट थरथरवली, माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही.

मी म्हणालो, अगं, मग मला हाक का नाही मारलीस?

म्हणाली, अहो, तुमचाच नियम ना? हाक मारायची नाही.

तिच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. ऊन खरोखरच चांगलं येतं इथे.

आजची नोंद: कबुतर, एक. बहुधा तेच.