पार्बताबाई काय म्हणाल्या होत्या

जुने शहर, अकोला
१३ फेब्रुवारी २००८

शेषराव,

सलाम. भागीरथावहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे बरं आहे. मी गाद्या भरतो, कहकशाँ बारावीचा अभ्यास करते.

तुझं पत्र मिळालं. वीस वर्षांत पहिल्यांदाच 'श्री. रऊफ' लिहिलंस, 'कॉम्रेड' नाही. पार्बताबाईंच्या शोकसभेत बोलायचं तर आधी 'मी रिव्हिजनिस्ट होतो' असं लिहून दे, म्हणतोस.

कहकशाँनं पत्र वाचून विचारलं, "अब्बा, रिव्हिजनिस्ट मतलब?"

सांगितलं. सिद्धांताचं नाव कायम ठेवून त्यातला लढा काढून टाकतो, तो. आठवीत शाळा सुटली तरी हे मी मुळातून वाचलेलं आहे, तुझ्या भाषणातून नाही. हा झाला अर्थ. वापर वेगळा. तुझाच कार्यकर्ता चंद्रभान, त्यानं पोरीच्या लग्नात बँड लावला, तर तोही तुझ्या लेखी रिव्हिजनिस्टच!

माझं काय चुकलं? २००५ च्या हंगामात तेल्हाऱ्यात कापूस वेचणाऱ्या बायांचा संप होता, पार्बताबाई सगळ्यांच्या पुढे. शेतकऱ्यांकडेच रोकड नव्हती. मजुरीऐवजी कापसाचा वाटा घ्यायचा, असा समझोता झाला. तो मी केला म्हणून तू मला युनियनमधून काढलंस.

आता तुझं पत्रक म्हणतं, "पार्बताबाई अखेरपर्यंत समझोत्याच्या विरोधात होत्या."

शेषराव, समझोता ठरला त्या मीटिंगमध्ये तू माझ्या शेजारी बसला होतास. त्या उठून तुलाच म्हणाल्या, "कापूस पऱ्हाटीवर भिजून राहिला, भाऊ. मंग काय तुमचं पुस्तक वेचू काय आमी?" बाया खो खो हसल्या. तूही हसलास. समझोता त्यांचा होता. मी फक्त शेतकऱ्यांपुढे मांडला. पार्बताबाईंना काढलं असतंस तर एकही बाई युनियनमध्ये उरली नसती, म्हणून मी माझं नाव लागू दिलं.

मेलेल्या बाईच्या तोंडचे शब्द बदलणाऱ्याला काय म्हणायचं, ते आता तू सांग.

मी काही लिहून देणार नाही. रविवारी येणार मात्र आहे. मंच तुला लखलाभ. मी बायांमध्ये सतरंजीवर बसेन. तू पत्रकातलं ते वाक्य वाचलंस की तिथूनच उठून पार्बताबाईंचं वाक्य सांगेन, त्यांच्याच वऱ्हाडीत. मले अडवाचं असलं तं तू सोता ये, चंद्रभानले पाठवू नको.

वहिनींना सांग, जेवायला नेहमीसारखा तुमच्याकडेच.

तुझा कॉम्रेड
रऊफ

(वरचा 'कॉम्रेड' खोडायचा असेल तर तुझ्या हातानं खोड. मी खोडणार नाही.)